गावात कोणी परदेशी नाही

बुलढाण्याला रेल्वे नाही, बंदर नाही, आणि विमान दिसतं ते अजिंठ्याच्या डोंगरावरून उंच जाणारं. अशा जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं एक टेबल असतं, हे पोलीस खात्यात निम्मी नोकरी झाली तरी मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते त्याच टेबलावर बदली झाली तेव्हा. आमच्यातले लोक या बदलीला विश्रांती म्हणायचे. कँटीनमध्ये गेलो की कोणीतरी विचारायचंच, "काय जमादार, आज किती गोरे सापडले?"

गोरे सापडायचे, पण ते लोणारला. तिथलं उल्केनं झालेलं सरोवर पाहायला जगभरातून माणसं येतात. दगड हातात घेऊन तासन्‌तास बघत बसणारे शास्त्रज्ञ येतात आणि नुसते फोटो काढून निघून जाणारेही येतात. नियम असा आहे की परदेशी पाहुणा उतरला की लॉजवाल्यानं त्याची माहिती लगेच आमच्याकडे कळवायची. तिथला एक लॉजवाला मोठा मनमिळाऊ माणूस होता, पण हा नियम काही त्याच्या पचनी पडत नसे. फोन यायचा तोच मुळी पाहुणा गेल्यावर.

"साहेब, काल एक फॉरेनर येऊन गेला."

"कुठला होता?"

"उंच होता बाप्पा लय."

"अहो, देश कुठला? नाव काय?"

"नाव कायले विचारू साहेब? पाहुणा माणूस. जेवला का, थे इचारलं."

याच्याशी भांडणार तरी काय?

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं, खामगावचे एक सिंधी म्हातारबाबा. सिंधमधून मुलाबाळांसह आले होते आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत होते. दरसाल मुदत वाढवायला यायचे, खुर्चीत नीट बसायचे आणि तेच वाक्य बोलायचे, "साहब, मैं पैदा हुआ तब यह सब एक ही था. लकीर तो बाद में खिंची." पुढे त्यांना नागरिकत्व मिळालं. पेढे घेऊन आले, डोळे पुसले, गेले. आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा दारात हजर! मी म्हटलं, बाबा, आता यायची गरज नाही. तर म्हणाले, "आदत पड़ गई है साहब. चाय तो पिलाओगे?" चहा पाजला. त्यानंतरही दरवर्षी येत राहिले, मी निवृत्त होईपर्यंत.

पण मला आज सांगायचं आहे ते नीलाबद्दल.

तिचं खरं नाव निलंती, श्रीलंकेची. लोणार तालुक्यातल्या बीबी गावच्या बाजाराला जोडलेल्या एका लहान गावचा सुधाकर दुबईत एसी दुरुस्तीचं काम करायचा आणि ती तिथेच शिवणाच्या दुकानात होती. दोघांची घरं बौद्ध. लग्न तिच्या गावी झालं आणि सुधाकर तिला घेऊन आपल्या गावी आला. पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आली तेव्हा नवऱ्याच्या पुढे सासू होती. गयाबाई नाव तिचं. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि आवाज असा की शेजारच्या टपाल शाखेतले लोक उठून बघायला लागले.

"जयभीम साहेब. इचं काय लिवा लागते थे लिवा, पण वापस धाडू नका. मोठ्या मुश्किलीनं पोराले बायको भेटली."

सून गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता. मी गयाबाईंना विचारलं, "मावशी, तुमचं हिच्याशी बोलणं कसं चालतं?"

"पयले तं चालतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी भाकर दाखवू, थे पाणी आणे. मले वाटलं, गयाबाई, जलम गेला मुक्यानं. मंग सांजी झाली. इनं हातपाय धुतले, बुद्धाच्या फोटोसमोर बसली आन वंदना सुरू केली. चाल येगळी होती साहेब, पण शबद आपलेच, पालीतले! मीबी बसली शेजारी. मंग काय रायलं परकं?"

मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, तो मला दर वेळी भरावाच लागायचा. परत कधी जाणार? मी इंग्रजीत विचारलं. तिनं सुधाकरकडे पाहिलं. सुधाकरनं आईकडे पाहिलं. गयाबाई म्हणाल्या, "काऊन जाईन थे?"

बाहेरच्या लोकांना वाटतं, नागरिक होणं म्हणजे आधार कार्ड काढणं. तसं नसतं. भारतीय माणसाशी लग्न केलं म्हणून कोणी आपोआप भारतीय होत नाही. आधी मुदतीचा परवाना, तो संपायच्या आत वाढवायचा, पत्ता बदलला तर कळवायचं. अशी सात वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करता येतो, आणि त्यातही अर्जाच्या आधीचं शेवटचं वर्ष देश सोडून जायचं नाही. मग अर्ज, चौकशी, मुंबई, दिल्ली. शेवटी दिल्लीहून पत्र येतं की तुम्हाला घ्यायला आम्ही तयार आहोत, आता तुमच्या जुन्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्या. तो दिला की मग शपथ आणि प्रमाणपत्र. मधल्या काळात माणूस इकडचा नसतो आणि तिकडचाही नसतो. कायद्यानं हा काळ लहान धरलेला आहे. ज्याच्यावर वेळ येते त्याला तो फार लांब वाटतो.

दरवर्षी नीला यायची आणि दरवर्षी तिची भाषा थोडी पुढे सरकलेली असायची. पहिल्या वर्षी नुसतं "पाणी", "भाकर". दुसऱ्या वर्षी "साहेब, बस उशिरा आली". तिसऱ्या वर्षी कडेवर सुजाता नावाची पोरगी होती आणि ती लेकीला दटावत होती, "काऊन रडून राह्यली बे?" मी पेन खाली ठेवून हसलो. मुंबईहून तपासणीला आलेले एक साहेब तेव्हा शेजारी बसले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "या बाई कुठल्या? मेहकर साइडच्या का?" मी म्हटलं, "नाही साहेब, समुद्रापलीकडच्या." त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं.

वैशाखी पौर्णिमेला ती बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन आकाशकंदील करायची, तिच्या गावी करतात तसे. आधी एका घरावर लागला, मग गल्लीत, मग सगळ्या गावात. देशमुखांच्या वाड्यावरसुद्धा लागायला लागला. गयाबाई सांगायच्या, "लोक इचारतात, तुमची दिवाळी वैशाखात आली का?"

नीलाची आई मात्र श्रीलंकेतच होती, एकटी. मातारा शहराकडच्या गावात, समुद्रापासून जवळ. सुरुवातीच्या वर्षांत नीला दोनदा जाऊन आली. मग ते शेवटचं, न मोडायचं वर्ष लागलं आणि नेमकं त्याच वर्षी आईचं दुखणं सुरू झालं. नीला माझ्याकडे आली.

"साहेब, गेली तं काय होईन?"

मी नियम सांगितला. गेलीस तर वर्ष पहिल्यापासून मोजायचं. ती म्हणाली, "आई फोनवर म्हणते, कागद झाल्यावर ये. एकदाच ये, पण भीती नसताना ये." आणि ती गेली नाही, इथेच थांबली.

वर्ष पुरं झालं, अर्ज गेला. आता जाऊन यायला हरकत नव्हती, तसं मी सांगितलंही. पण चौकशी कधी येईल याचा नेम नसतो आणि नीला भ्यायची. चौकशी येईन आन मी घरी नसन तं, एवढंच म्हणायची.

झालं तेच, पण तिला वाटलं होतं तसं नाही.

चौकशीचा आदेश तिथल्या पोलीस ठाण्यात गेला आणि त्या भागाचे जमादार मोटरसायकल घेऊन गावात पोचले. त्या दिवसांत मोबाइलवर नाना अफवा फिरत होत्या, कोणाचे कागद तपासणार, कोणाला कुठे धाडणार. जमादारांनी वर्दीत, भर चौकात विचारलं, "इथं कोणी परदेशी बाई राहते का?" नीला आणि सुधाकर तेव्हा बीबीच्या बाजारात गेले होते.

सगळं गाव एका सुरात म्हणालं, नाही.

नुसतं नाही म्हणून थांबले असते तरी निभावलं असतं. शेजारच्या चंद्रभागाबाईंनी सांगितलं, ती नीला तर माझ्या चुलतभावाची पोरगी, मेहकरची. सरपंच मोठे बागायतदार, बोलण्यात वजन असलेला माणूस. त्यांनी जबानी दिली की सदर महिलेस लहानपणापासून ओळखतो, मी तिचा मानलेला भाऊ. गयाबाईंनी तर कहर केला. "परदेशी? आमच्या घरात रेडिओबी परदेशी नाही!" जमादारांनी सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले आणि अहवाल पाठवला, 'सदर गावात कोणीही परदेशी महिला राहत नाही.'

अहवाल माझ्या टेबलावर आला तेव्हा मी कपाळाला हात लावला. याचा अर्थ सरळ होता. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. हा कागद वर गेला असता तर अर्ज फेटाळला जाणार, आणि खोटी माहिती दिली म्हणून परवानाही धोक्यात. सात वर्षं आणि त्यातलं आईला न भेटता काढलेलं शेवटचं वर्ष, सगळं पाण्यात. कोणी दुष्टाव्यानं केलं असतं तर राग तरी काढता आला असता. इथे सगळं गाव मायेनं तिच्या मुळावर उठलं होतं.

साहेबांची परवानगी काढून मी फेरचौकशीला स्वतः गेलो, साध्या कपड्यांत, एसटीनं. विहारासमोरच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं. नीला कोपऱ्यात बसली होती, चेहरा उतरलेला. तिला एव्हाना कळलं होतं.

मी समजावलं. म्हटलं, तिला धाडायला कोणी येत नाही, तिला इथे कायमचं ठेवून घ्यायचं चाललंय. पण त्यासाठी आधी तुम्ही खरं सांगायला हवं, की ती श्रीलंकेची आहे, परदेशी आहे आणि इतकी वर्षं इथे राहते. तसं लिहून द्या.

सरपंच खाली बघत होते. मग चंद्रभागाबाई उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या.

"मी नाही देणार."

"आजी, तिच्याच भल्याचं आहे."

"असंन भल्याचं. माह्या नातीच्या बाळंतपणात रातभर कोण बसली होती? थे बसली होती. आन तुमी म्हनता, तिच्या तोंडावर तिले परकी म्हना? अंगठा देऊन? नाही होत साहेब माह्यानं."

आणि त्या रडायला लागल्या. त्यांचं बघून दुसऱ्या बायका. मी इतकी वर्षं पोलिसात काढली, खोटं बोलणारे शेकड्यानं पाहिले. खरं बोलायला सांगितलं म्हणून रडणारं गाव मात्र एकदाच पाहिलं.

शेवटी नीलाच उठून आजींजवळ गेली. त्यांचा हात धरून म्हणाली, "आजी, म्हना ना. मी हाये परदेशी. एकदा म्हना, मंग पुन्हा कोणी म्हननार नाही."

आजींनी नाक पुसलं आणि मला अट घातली. "पयलं वाक्य मी सांगीन थे लिवायचं. मंग तुमचं." मी कबूल झालो. म्हणून त्या जबानीची सुरुवात अशी आहे, 'नीला ही आमची सून आहे.' आणि दुसरं वाक्य, 'ती जन्मानं श्रीलंका देशाची असून आमच्या शेजारी राहते.' सरपंचांनी बहिणीचं नातं मागे घेतलं, पण तोंड पाडून. माझ्या वरच्या साहेबांनी पहिलं वाक्य वाचून विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, साक्षीदाराचा आग्रह, सर. त्यांनी ते राहू दिलं.

फाइल वर गेली. वर गेलेल्या फाइलीचं पुढे काय होतं ते आम्हालाही कळत नाही. नीला फोन करायची, मी म्हणायचो, येईल. आणि एक दिवस पत्र आलं खरंच. स्वीकारायला तयार आहोत, जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा. सुधाकर तिला घेऊन चेन्नईला श्रीलंकेच्या कचेरीत गेला. तिनं अर्ज केला, पासपोर्ट जमा केला. परत आल्यावर मला म्हणाली, "त्या मॅडमनं इचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. मंग भायेर येऊन नारळपाणी पेलं. चव लागली नाही."

पुरावा दिल्लीला गेला, प्रमाणपत्र यायचं होतं, आणि त्या मधल्या काळात तिची आई गेली.

ती माझ्याकडे आली तेव्हा सोबत सुधाकर आणि गयाबाई होत्या. गयाबाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली होता. "साहेब, दोन दिवसाचं काई करता येत नाही का?" काही करता येत नव्हतं. तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट राहिला नव्हता आणि इकडचा मिळालेला नव्हता. तिला विमानात बसवेल असा एकही कागद जगात नव्हता. मी चार फोन केले, उत्तर काय येणार हे ठाऊक असून केले. नीला मला म्हणाली, "राहू द्या साहेब. तुमचा काय दोष." मला त्या क्षणी ती खुर्ची नको झाली. नियम मी केलेला नव्हता. पण तो तिला सांगणारं तोंड माझं होतं.

अंत्यविधी तिनं मोबाइलवर पाहिला, विहारात बसून, सगळ्या गावाबरोबर. नंतर गावानं पुण्यानुमोदन केलं, म्हणजे गेलेल्याच्या नावानं वंदना आणि जेवण. ज्या बाईला त्यांच्यातल्या कोणीही पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी सगळं गाव पांढरे कपडे घालून जमलं. मी गेलो होतो. सरपंचांनी जेवणाच्या पंगती स्वतः वाढल्या. मला हळूच म्हणाले, "कागदावर भाऊ नाही, पण वाढू तं शकतो ना?"

शपथ झाली ती त्यानंतर काही महिन्यांनी, कलेक्टर कचेरीत. नीला पांढरी साडी नेसून आली होती. भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन, ही वाक्यं तिनं न अडखळता म्हटली. गयाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, मी कधी घेतली ही शपथ? माही रायलीच वाटते."

"मावशी, तुम्ही जन्मानंच नागरिक."

"म्हंजे मले फुकटात भेटलं," त्या म्हणाल्या. "मलेबी घेऊ द्या." आणि तिथेच सुनेच्या शेजारी उभं राहून एकेक शब्द विचारत त्यांनी शपथ घेतली. कलेक्टर साहेब उभे राहिले, तसे आम्हीही राहिलो. त्या शपथेची नोंद कुठेही नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. आता ते टेबल बरंचसं संगणकात गेलं आहे. घरबसल्या फॉर्म भरतात, फोटो चढवतात. सोयीचं झालं, बरंच झालं. पण ते लोणारचे लॉजवाले आता कोणाला फोन करून सांगत असतील, 'उंच होता बाप्पा लय'?

गेल्या उन्हाळ्यात नीला आमच्या घरी आली. सुधाकर होता, सुजाता चांगली मोठी झाली होती. नव्या पासपोर्टवर ती तिकडे जाऊन आली होती. आमच्या हिनं चहा केला आणि ती सांगायला लागली.

"कोलंबोले उतरली साहेब, तं दोन लाइनी. एक त्यांच्या लोकांची, एक परदेशी लोकांची. मी सवयीनं त्यांच्या लाइनीत उभी राह्यली. एका पोरीनं पासपोर्ट पाह्यला आन म्हणे, मॅडम, तिकडे. काउंटरवर तुमच्यासारखाच एक माणूस होता. कुठं उतरणार? म्हटलं, आईच्या घरी. आई हाये तिथं? म्हटलं, नाही. मंग म्हणे..." ती थांबली.

"परत कधी जाणार?" मी म्हणालो.

"हाव. थेच. तुमची लय आठवण आली. म्हटलं, पंधरा दिवसानं घरी जाणार. आन बोलल्यावर समजलं साहेब. आईच्या देशात उभी राहून मी घर दुसरीकडं हाये म्हणली."

आमची ही तिच्याजवळ जाऊन बसली. इतकी वर्षं तो रकाना भरला, त्याचं उत्तर कधी इतकं जड होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले आणि एकदम हसली. "पण साहेब, पुढं तं ऐका. घराले कुलूप होतं, चावी शेजारच्या म्हातारीजवळ. थे चावी काढून राह्यली होती, तेवढ्यात तिकडचा ग्रामसेवक आला. माही साडी पाहून तिले इचारते, आजी, ही कोण परदेशी बाई?"

"मग?"

"म्हातारी खवळली त्याच्यावर. म्हणे, परदेशी? कोणी परदेशी नाही. आमची पोरगी हाये, बाजारातून येऊन राह्यली."

आम्ही सगळे हसलो. सुजाताही हसली. मला मात्र ओट्यावरच्या चंद्रभागाबाई दिसत होत्या. त्या आदल्याच हिवाळ्यात वारल्या. दोन देशांतल्या दोन म्हाताऱ्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, आणि दोघींनी सरकारी माणसाला तोंडावर तीच खोटी जबानी दिली. माझ्या टेबलावर आली असती, तर तिकडच्या आजींचंही पहिलं वाक्य मी त्या सांगतील तसंच लिहून घेतलं असतं.